बावीस खांबांचा सौदा

साळवे कंडक्टरांवर माझा राग आहे आणि तो अजून पुरता गेलेला नाही, हे आधीच सांगून टाकतो. लांब गेलेल्या माणसाबद्दल लिहायला बसलं की लोक त्याला देव करून ठेवतात. मला ते जमायचं नाही. घोडेगावच्या बाजारात जनावरांची खरेदी-विक्री करत मी अठ्ठावीस वर्षं काढली. गाय कितीही चांगली असो, आधी तिची खोड सांगायची आणि मग गुण, ही माझी रीत.

साळवेंना माणसं दारात उभी राहिलेली चालत नसत. तेहतीस वर्षं ते एसटीत कंडक्टर होते, त्यातली बरीचशी नगर-मनमाड रस्त्यावर गेली. निवृत्त होऊन घोडेगावला परतले तरी लग्नाच्या मांडवात, दवाखान्यात, रेशनच्या दुकानात, जिथं चार माणसं दाराशी घोटाळतील तिथं मागून यांचा आवाज यायचा, "चला, आत सरका. मधी लई जागा हाय." एकदा एका मयतीच्या घरीसुद्धा म्हणाले. आणि लोक सरकले. स्वतः कुठंही उभे राहिले तरी पाय फाकवून, गुडघे जरा सैल सोडून, जणू आत्ता वळण येणार आहे. हातात घराची किल्ली असायची आणि दिसेल त्या खांबावर, फाटकावर तिनं टकटक करायचे. पूर्वी तिकिटाच्या चिमट्यानं गाडीतल्या दांड्यावर करत, ती सवय. गाव त्यांना नाना म्हणायचं.

आणि नाना पळायचे. साठी उलटलेला, काटकुळा, उंच माणूस जुन्या खाकी पँटी गुडघ्यावर कापून रोज सकाळी पाटाच्या कडेच्या रस्त्यानं पळतोय, हे पाहून सुरुवातीला गाव हसलं. नाना म्हणायचे, "तेहतीस वर्षं उभ्यानं सगळा जिल्हा फिरलो, पर सोताच्या पायानं कोल्हार ते बाभळेश्वरबी गेलो न्हाई. शिरा फुगल्या पायाच्या. आता त्यान्ला जरा फिरवून आनतो."

हसणाऱ्यांत मीही होतो.

माझं पळणं हौसेनं सुरू झालेलं नाही. माझ्या वडिलांना साखरेचा आजार होता. पायाला खिळा लागला, कळलाच नाही, आणि शेवटी गुडघ्यापासून पाय काढावा लागला. दिवसभर जनावरांच्या मागं चालणारा माणूस नंतर सात वर्षं उंबऱ्यावर बसून होता. मी त्यांच्याच हाताखाली शिकलो. पोरवयात दुसऱ्यांची जनावरं हाकत राहात्याच्या बाजारापर्यंत पायी गेलोय. मग टेम्पो आला, पिकअप आली, आणि ज्या पायांवर उभा राहिलो ते वापरायचेच सोडून दिले.

गेल्या वर्षी नगरच्या डॉक्टरांनी मला पलंगावर आडवं करून डोळे मिटायला सांगितलं. "पायाला काही लागलं की हो म्हणा," म्हणाले. मी वाट बघत पडून राहिलो. शेवटी वैतागून म्हणालो, "अहो लावा ना काय लावायचंय ते, कामं टाकून आलोय."

"चार ठिकाणी लावून झालं," डॉक्टर म्हणाले.

मी डोळे उघडले. त्यांच्या हातात पेनासारखी दांडी होती आणि तिच्या टोकाला जाड दोरा. "तीन महिने देतो," ते म्हणाले. "चाला, जमलं तर हळूहळू पळा. पायात चांगले बूट पाहिजेत. साखर खाली आली तर गोळ्यांवर भागेल. नाही आली तर इंजेक्शन सुरू, आणि पायांचं मग मी काही सांगू शकत नाही."

घरी येताना रस्ताभर मला तो उंबरा दिसत होता.

दुसऱ्या दिवशी नवे बूट घालून, कोणी बघणार नाही अशा बेतानं मी पाटावर गेलो आणि जोरात पळालो. पाटाच्या कडेनं विजेचे खांब आहेत. दुसऱ्या खांबापाशी छाती फुटायची वेळ आली. खांबाला मिठी मारून मी उभा होतो तेवढ्यात मागून आवाज आला, "काय शेठ, खांब इकत घ्यायचाय का? दात बघितले का त्याचे?"

मी शिवी घातली. नाना हसले नाहीत. शेजारी येऊन त्यांच्या त्या पवित्र्यात उभे राहिले. "कशाला आलाय?" मी खरं सांगितलं. का सांगितलं कोण जाणे, बायकोलाही तोवर निम्मंच सांगितलं होतं. त्यांनी ऐकून घेतलं आणि गळ्यातला रुमाल काढून स्वतःच्या हातावर टाकला. "मंग सौदा करू. घाला हात."

आमच्या बाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत. घेणारा आणि देणारा रुमालाखाली एकमेकांची बोटं धरतात, बोटं दाबून आकडा सांगायचा. शेजारी उभ्या माणसालाही पत्ता लागत नाही. एकदा हात बाहेर काढून 'झालं' म्हटलं की झालं. त्यानंतर जो मागं फिरतो, त्याच्या हातावर पुन्हा कोणी रुमाल टाकत नाही.

नानांनी माझी बोटं दाबून सहाचा आकडा दिला. सहा खांब. माझा हात आपोआप नकार देऊन मोकळा झाला. मी दोन दिली. त्यांनी पाच दाबली, मी दोनावरच राहिलो. नाना कण्हले, हळहळले, "लई तानता बुवा तुमी," म्हणाले आणि तीनवर आले. मी 'झालं' म्हटलं. सौदा मारल्याचा मला इतका आनंद झाला की ते तीन खांब पळून झाल्यावरच दम लागल्याचं लक्षात आलं.

मग रोज तसंच. सकाळी ते माझ्या फाटकावर किल्ली वाजवत. हाक मारत नसत. मी कारण सांगितलं तर 'बरं' म्हणत आणि तिथंच उभे राहत. "आज बाजार आहे, नाना." "बरं." "गुडघा धरलाय." "बरं." पाच मिनिटांनी मी खिडकीतून बघावं तर ते तसेच. "गाडी हितंच थांबती," म्हणायचे. "तुमी आवरा." बाजाराच्या दिवशी एका खांबावर सौदा करायचे, पण शून्यावर त्यांनी कधी हात बाहेर काढला नाही.

पळा असं ते म्हणत नसत. जिभेनं टिंग टिंग असे दोन टोले वाजवत, की निघायचं. एक टोला, की थांबायचं. आणि पळताना मला त्यांच्या जुन्या रस्त्यावरची गावं म्हणायला लावत. "विळद, राहुरी, कोल्हार, बाभळेश्वर, राहाता, शिर्डी. म्हना." त्यांचं म्हणणं, बोलता येईल इतक्याच वेगानं पळायचं. बोलणं तुटलं की वेग जास्त झाला. मला राहुरीच्या पुढं जाता येत नसे.

"वि... ळद... रा... हु..."

"हळू. पासिंजर उतरतोय, बाई हाय, कडेवर लेकरू हाय. हळू."

"कोण... बाई?"

"बोलायचं न्हाई, गावं म्हनायची."

पाटावरून जाणारे लोक थांबून बघायचे. दोन माणसं पाय घासत चालल्याच्या वेगानं पळताहेत आणि त्यातला एक राहुरी-राहुरी करतोय. मला लाज वाटायची आणि लाजेचा मला राग येतो. एकदा ऊस घेऊन चाललेल्या ट्रॅक्टरवरचा माणूस ओरडला, "शेठ, बसा की ट्रॉलीत!" मी दगड उचलला. नाना म्हणाले, "टाका त्यो. दगड घेऊन पळाल तर वजन वाढंल."

पळून झालं की पाटावरच्या मोरीच्या कठड्यावर बसायचं, बूट काढायचे आणि तळवे उलटे करून दाखवायचे. मी पहिल्या दिवशी पाय आखडून घेतला. आपल्यापेक्षा वयानं मोठ्या माणसाला तळवे काय दाखवायचे? नाना म्हणाले, "जनावर घेताना खूर बघता का न्हाई?"

"बघतो."

"मंग आना इकडं."

एकदा डाव्या अंगठ्याखाली फोड निघाला. मला काहीच कळलं नव्हतं. त्यांनी चार दिवस पळणं बंद ठेवलं, पण रोज फाटकावर आले आणि आम्ही नुसते उभे राहून बोललो. ते माझ्या पायाची चौकशी करायचे, मी बाजाराची तक्रार करायचो.

महिनाभरानंतर एका बाजारी मी एका गिऱ्हाइकाला बैलाचा भाव चढवून सांगत होतो. मनात होता त्याच्या दुप्पट. सांगता सांगता माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. दुसऱ्या दिवशी नानांना फाटकातच धरलं.

"नाना, तुम्ही मला गंडवलं. पहिल्या दिवशी तुम्हाला तीनच खांब पाहिजे होते."

"व्हय."

"आणि मागितले सहा!"

"रोजच दुप्पट मागतोय. तुमी रोजच निम्म्यावर आनताय. शेठ लोकांचं मन राखावं लागतं."

अठ्ठावीस वर्षांत मला बाजारात कोणी असं नागवलं नव्हतं. मी भडकलो. "आज तुमच्या मनात जे असेल त्याच्या दुप्पट पळून दाखवतो," म्हणालो आणि सुटलो. तिसऱ्या खांबाच्या अलीकडं पाटाच्या कडेला ओकारी आली. नाना पाठीवर हात फिरवत म्हणाले, "रागाचं डिझेल दोन खांब पुरतं. पुढं न्हाई जात."

यात त्यांचं चुकलं होतं. ते पुढं येईलच.

दीड महिना झाला. खांब वाढत गेले. मी आता बाभळेश्वरापर्यंत एका लयीत बोलायला लागलो होतो. आणि एका सकाळी रुमालाखाली बावीस खांब ठरले. न थांबता बावीस. मी स्वतः 'झालं' म्हटलं. एकोणिसाव्या खांबाशी खिशातला फोन वाजला. राहात्याचा माणूस होता, त्याला दोन गाभण गायी हव्या होत्या. मी थांबलो. बोलत उभा राहिलो. नाना जागेवरच पाय हलवत माझं बोलणं संपायची वाट बघत होते. फोन संपला तेव्हा घाम गार झाला होता. "राहू द्या आज," मी म्हणालो. "तीनच तर राहिलेत."

त्या दिवशी नानांनी तळवे बघितले नाहीत.

त्या आठवड्याच्या बाजारी आम्ही सगळे व्यापारी चहाच्या टपरीशी उभे होतो. नाना तिथं आले होते, कुणाच्या तरी शेळीबरोबर. आमच्यातले गफूरभाई थट्टेखोर. म्हणाले, "काय शेठ, रोज सकाळी कंडक्टरसंगं रुमाल टाकता म्हणे. आम्हाला पण सांगा, खांबाला काय भाव?"

सगळे हसले. मीही हसलो. नाना हसले नाहीत. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, तिकीट विचारावं तितक्या सरळ म्हणाले, "आता न्हाई टाकत. शेठ सौदा मोडत्यात."

कुणीतरी खुदकन हसलं, आणि मग सगळे.

माझ्या हातातला चहा मी कुठं फेकला ते आठवत नाही. "तीन खांबांसाठी?" मी ओरडलो. "अठ्ठावीस वर्षांत या बाजारात एक माणूस दाखवा, ज्याचा सौदा मी मोडलाय!"

"मोडला का न्हाई?" नाना म्हणाले.

ते शेळी घेऊन निघून गेले.

त्यानंतर मी त्यांच्याशी बोललो नाही. त्यांनी फाटकावर किल्ली वाजवली नाही. पण दुसऱ्याच दिवशी, ते जातात त्याच्या तासभर आधी, पाटाच्या पलीकडच्या काठानं मी गेलो आणि बावीस खांब पळालो. पलीकडच्या काठाला खांब नाहीत, म्हणून अलीकडचे बघत मोजले. तेविसावाही पळालो, त्यांच्या नाकावर टिच्चून. परवा, तेरवा, रोज. पळताना मनात त्यांच्याशी भांडायचो. दहाव्या खांबापर्यंत माझी बाजू मांडून व्हायची. मग त्यांची उत्तरं सुरू व्हायची आणि ती ऐकून घेत पुढचे खांब निघायचे. बायको म्हणायची, "अहो, झोपेत कोल्हार-राहाता काय करता? तिकडं कोणाचं येणं राहिलंय का?"

रागाचं डिझेल मला महिनाभर पुरलं. त्यानंतर ते संपलं, तरी पाय जायचे. एका सकाळी मी शिर्डीपर्यंत सगळी गावं न अडखळता म्हणालो आणि शेजारी बघितलं. अर्थातच कोणी नव्हतं.

तीन महिने पुरे झाले. नगरला गेलो. रक्त दिलं, दुपारपर्यंत बाकावर बसून राहिलो. डॉक्टरांनी कागद वाचला, चष्मा वर करून माझ्याकडं बघितलं, पुन्हा वाचला. "काय केलंत?" म्हणाले.

"का? काय झालं?"

"साखर चांगली उतरली आहे. इंजेक्शन नको. गोळीसुद्धा एक कमी करतो." मग पुन्हा तो दोरा काढला. या वेळी मी डोळे मिटून दात-ओठ खात लक्ष दिलं. काही ठिकाणी लागलं, काही ठिकाणी नाही. "पायाचं असं लगेच सुधारत नाही," ते म्हणाले, "पण वाढलेलं नाही. असंच चालू ठेवलंत तर पाय तुमचेच आहेत."

दवाखान्याच्या आवारात पिकअपमध्ये बसून मी बराच वेळ किल्ली फिरवली नाही. अंगातून काहीतरी जड उतरत होतं आणि ते पुरतं उतरेपर्यंत मला हलायचं नव्हतं. मग बायकोला फोन केला. "अहो, काय झालं?" ती घाबरून म्हणाली. "काही झालं नाही," मी म्हणालो. "तेच सांगायला फोन केला." पलीकडून बराच वेळ नुसतं नाक ओढल्याचा आवाज येत राहिला.

घोडेगावात शिरल्यावर गाडी घरी न नेता साळवेंच्या दाराशी उभी केली. भांडायचं का सांगायचं, हे ठरलेलं नव्हतं. बुद्धाच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरींखाली दोन पेट्या भरून ठेवल्या होत्या. नाना एकीवर बसून दोरी बांधत होते. मुलगी नाशिकला नर्स आहे, तिनं कायमचं बोलावून घेतलं होतं.

मी दारातच उभा राहिलो. ते वर न बघता म्हणाले, "आत सरका."

मी कागद पुढं केला. त्यांनी तो लांब धरून वाचला, मग माझ्या बुटांकडं बघितलं. टाचा झिजल्या होत्या. "पलीकडच्या काठानं पळत हुता," ते म्हणाले. "मी बघत हुतो."

"तुम्ही मला चिडवायला बोललात का ते? मी पळावं म्हणून?"

खोटं बोलायला चांगली संधी होती. मी असतो तर साधली असती. नाना म्हणाले, "न्हाई. मला राग आल्ता."

"तीन खांबांचा?"

त्यांनी दोरीची गाठ मारली. "शेठ, माझ्या बापानं त्या बाजारात उभा जन्म दुसऱ्यांची जनावरं बांधली. खूर धुतले, शेन काढलं. मी ल्हान हुतो, त्याच्या मागं असायचो. सगळ्यांचे हात रुमालाखाली जायाचे. त्याच्या हातावर कदी कुनी रुमाल टाकला न्हाई. जनावर त्याला द्यायचं नव्हतं, घ्यायचं नव्हतं, खरंय. पर सौदा व्हायला कुनी त्याला मानूसच धरला न्हाई. तुमी माझ्यासंगं रोज टाकला. मला बरं वाटायचं. आनि मंग तुमी म्हनाला, राहू द्या, तीनच तर हायेत. माझ्याशी केल्ता म्हनून म्हनाला का, राहात्याच्या मानसाशी केल्ता तर म्हनाला असता का, ह्येच डोक्यात बसलं."

राहात्याच्या माणसाला मी तसं म्हणालो नसतो, हे मला ठाऊक होतं.

तरीही एक सांगतो. चारचौघांत बोलायला नको होतं. फाटकात येऊन बोलले असते तरी मी ऐकलं असतं. हे त्यांनाही मी तिथंच सुनावलं. ते म्हणाले, "फाटकात तुमी ऐकलं असतं?" यावर आमची पुन्हा जुंपली आणि शेजारच्या बाईनं चहा आणला तेव्हा थांबली.

चहा पिऊन निघताना मी म्हणालो, "नाशिकला कधी?"

"बाजाराच्या दुसऱ्या दिवशी, दुपारी."

"मग बाजाराला या."

ते आले. टपरीशी गफूरभाईंसकट सगळे होते. मी गळ्यातला रुमाल काढला, नानांच्या हातावर टाकला आणि आत हात घातला. कोणी हसलं नाही. त्यांनी आकडा दाबला. मोठा होता. दुप्पट मागितलेला असणार, हे मला ठाऊक होतं आणि त्यांना ठाऊक होतं की मला ठाऊक आहे. मी कमी केला नाही. हात बाहेर काढून म्हणालो, "झालं."

"कितीला?" गफूरभाईंनी विचारलं.

रुमालाखालचा आकडा सांगत नसतात. इथंही सांगत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो आकडा आम्ही पुरा केला. माझ्या वेगानं, गावं म्हणत, शिर्डीच्या पुढं कोपरगावही घेतलं. शेवटच्या खांबाशी मी गुडघ्यांवर हात टेकून उभा राहिलो. नानांना धड घामही आला नव्हता. ते पाटाच्या पुढच्या रस्त्याकडं बघत होते. मग जरा संकोचून म्हणाले, "शेठ, आता मी माझ्या चालीनं जाऊ का थोडं?"

मी मान हलवली.

आणि नाना पळाले. इतके दिवस मला वाटत होतं की माझ्यासोबतचं तेच त्यांचं पळणं. शेजारी पाय घासत चालणारा तो म्हातारा कुठंच नव्हता. लांब टांगा टाकत, पाठ सरळ ठेवून ते असे सुटले की काठावरचे बगळे उठून पलीकडं गेले. एक खांब, दुसरा, पाचवा. मोजता मोजता माझा आकडा मागं पडला. पंपघराच्या वळणाला ते बोटाएवढे दिसत होते. माझी हाक अख्ख्या बाजारात ऐकू जाते. ती मारली असती तर ते थांबले असते, वळून माझ्यापर्यंत परत आले असते. मी तोंड मिटून उभा राहिलो आणि त्यांना जाऊ दिलं.